हळदीच्या पायांची टिटवी

मी लोकांच्या घरी प्लास्टिकचं गवत बसवते. हे डोंबिवलीत कुठल्याही हळदीकुंकवाला सांगितलं, की समोरची बाई आधी हसते, मग तिचा चेहरा जरासा आंबट होतो आणि मग ती विचारते, "म्हणजे खोटं गवत?" माझं डोकं तिथेच फिरतं. खोटं काय त्यात? तुझ्या देवघराच्या चौकटीवर बारा महिने न सुकणारी झेंडूची माळ लटकतेय, ती काय माळीबुवांनी आणून दिली? पण मी बोलत नाही. याच बाईचा पुढच्या महिन्यात फोन येतो, की अहो, आमच्या गॅलरीचं माप घ्यायला कधी येता?

आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ठाण्याच्या पुढे आलात की खाडीचा वारा मागेच राहतो. कल्याणच्या पलीकडे तर एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पाऊल टाकवत नाही. कुंड्यांतली झाडं करपतात, लॉन लावलं तर पंधरवड्यात त्याची चटई होते, आणि टँकरच्या पाण्यावर कोण गवत जगवणार? म्हणून लोक मला बोलावतात. मी येते, हिरवं करून देते. एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करते. माझ्या कामातला जोड तुम्हाला शोधून सापडणार नाही. पाण्याचं भोकसुद्धा दिसणार नाही. याचा मला जरा तोरा आहे, तो असू दे.

तर मोहन्याच्या एका बंगल्याचं काम आलेलं. शहाडवरून आत गेलं, की नदीच्या अंगाला जुन्या गावातली काही घरं अजून आहेत. पूर्वी या लोकांची शेतं होती, आता त्यांच्या शेतांत टॉवर उभे आहेत आणि टॉवरांच्या मध्ये त्यांचे बंगले. या बंगल्याच्या मागे मात्र एक तुकडा तसाच राहिलेला, नदीपर्यंत उतरत गेलेला. त्यात वाळकं गवत, बाभळी आणि कोणाच्या तरी दोन म्हशी. घरमालकांना सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादा म्हणू लागले.

दादांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न होतं. आगऱ्यांच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. अख्खं गाव लोटतं. दादा मला गच्चीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "मॅडम, इथे हळद होणार. गच्ची अशी हिरवीगार झाली पाहिजे, की आलेल्या माणसाने चप्पल काढलीच पाहिजे."

"संध्याकाळी काढा," मी म्हटलं. "दुपारी काढलीत तर माणसाला उचलून खाली न्यावं लागेल."

ते हसले. माणूस चांगला होता.

काम सुरू केलं. माझ्याबरोबर नेहमी एक कारागीर असतात, त्यांना मी मामा म्हणते. मामा मापं घेतात, कापतात. मी जोड लावते. जवळजवळ सगळी गच्ची झाली. नदीकडच्या बाजूला गवत कठड्यावर वीतभर वर चढवलं, पाणी बाहेर पडायच्या भोकाला स्क्रूने जाळी बसवली आणि तिच्यावरून गवत नेऊन असं चिकटवलं, की भोक होतं की नव्हतं कळू नये. आता फक्त वाळू भरायची. गवत बसवल्यावर त्याच्या पात्यांमध्ये बारीक वाळू ब्रशने घासून भरावी लागते, तेव्हा पाती उभी राहतात. वाळूत ओल असली की तिचे गोळे होतात. म्हणून मी ती आधी उन्हात पसरून ठेवते. त्या दिवशी एका कोपऱ्यात गवतावरच वाळू पसरली, आणि तेवढ्यात खालून रडारड ऐकू आली. दादांच्या भावकीतले एक म्हातारे काका गेलेले.

सुतक लागलं. काम बंद. जिन्याचं दार लागलं. मामा म्हणाले, वाळू गोळा करून ठेवूया का? मी म्हटलं, राहू दे हो, आत्ता घरात कसला खडखडाट करायचा? आम्ही कळव्याच्या एका गॅलरीचं काम उरकायला निघून गेलो.

सुतक फिटल्याचा निरोप आला तेव्हा लग्न बऱ्यापैकी तोंडावर आलेलं. मी आणि मामा धावतपळत पोचलो, जिन्याचं दार उघडलं, मी एक पाऊल बाहेर टाकलं आणि काहीतरी सूं करून माझ्या केसांना चाटून गेलं. मामा तर खालीच बसले. वर बघते तर टिटवी. नाकासमोर लाल पट्टी, छाती काळी, आणि ओरडणं असं, की सगळ्या मोहन्याला कळावं इथे चोर आलेत म्हणून. ती वळली आणि परत आमच्या डोक्यावर आली. मी मामांच्या हातातलं घमेलं डोक्यावर धरलं आणि वाकून वाकून त्या कोपऱ्यापर्यंत गेले.

माझ्या वाळूत चार अंडी होती. मातकट रंगाची, वर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग. चारही टोकं आत करून नीट फुलीसारखी मांडलेली. भोवती खड्यांचं गोल कडं, आणि खडे सगळे माझ्याच गोणीतले. गवत खऱ्यासारखं दिसावं म्हणून मी मरमर मरते. चार रंगांची पाती असलेला रोल मागवते, सगळ्या रोलांचा कल एकाच दिशेला ठेवते. आणि या बयेने माझ्या गवताकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. तिने बघितली ती वाळू. मला राग यायला हवा होता. पण मी घमेल्याखाली तशीच उकिडवी बसून राहिले, आणि अंगावर काटा आला तो जाईना.

खाली जाऊन सांगितलं, तर घरात गोंधळ उडाला. नेमक्या त्याच दिवशी दादांची सगळ्यात मोठी बहीण लग्नाच्या तयारीला म्हणून कळव्याहून आलेली. सगळे तिला आत्याच म्हणत. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगाने चिपाड, पण घरातलं एकही पान तिच्या शब्दाशिवाय हलत नसे. तिला गाडीतून घेऊन आलेला तिचा मुलगा म्हणजे दादांचा भाचा. वयाने जवळजवळ दादांच्याच बरोबरीचा, दाराएवढा धिप्पाड, गळ्यात बोटाएवढी सोन्याची चेन आणि आवाज स्पीकरची गरज नसलेला. हळदीचा मांडव, नाचायला बेंजोवाल्यांचा ताफा, जेवण, सगळं या भाचेरावांच्या अंगावर होतं.

"टिटवी?" आत्यांनी कपाळाला हात लावला. "लग्नाच्या घरान टिटवी? आत्ताच एक मयत झाला ना गो घरान? ती उगाच नाय ओरडत. काडा तिला तिथशी."

"काढतो ना," भाचेराव उठलेच. "अंडी उचलायची, नदीकडे नेऊन ठेवायची. दोन मिनिटांचं काम. नायतर बेंजो कुठे लावू? तिच्या डोक्यावर?"

तेवढ्यात नवरी जिन्यातून खाली आली. ठाण्याला कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेली, बापाच्या गळ्यातला ताईत असलेली पोरगी. ती मोबाइलवर टिटवीचा फोटो काढून आलेली. तिने तो आत्यांच्या समोर धरला.

"आत्या, हिचे पाय बघ."

फोटोत टिटवीचे लांब पाय होते. पिवळेधमक. मीही तोवर नीट पाहिले नव्हते.

"हळद लावून आलीय ती," नवरी म्हणाली. "माझ्या आधी तिची झाली. आता तिला हाकललंत तर मी पाटावर बसणार नाही. सांगून ठेवते."

सगळे हसले. आत्या मात्र हसल्या नाहीत. शेवटी दादांनी तोडगा काढला. हळदीच्या सकाळपर्यंत गच्चीचं दार बंद. तोवर पिल्लं निघाली तर निघाली. नाही निघाली तर मांडववाले वर चढतील, मग ज्याचं नशीब त्याच्यापाशी. भाचेरावांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मॅडम, वाळू तुमची. जबाबदारी तुमची."

अस्सा संताप आला! मी गवतवाली, पक्षीवाली नाही, असं ठणकावून सांगणार होते. तेवढ्यात नवरीने हळूच विचारलं, "ताई, जगतील ना?"

मला त्याचं उत्तर माहीत होतं. माझं गवत उन्हात किती तापतं ते मला माहीत होतं. दुपारी त्यावर तळहात टेकवला तर चटका बसतो. मऊ आहे म्हणून लोक विकत घेतात आणि मे महिन्यात अनवाणी उभे राहिले की मला फोन करून शिव्या घालतात. त्या तव्यावर चार अंडी ठेवलेली, वर आडोसा नाही, बाजूला झाड नाही. ही जगणार कशी? उकडून निघणार. आणि ती माझ्या वाळूत घातली होती. मी त्या दिवशी ती गोळा केली असती, तर टिटवी खाली नदीकाठच्या रानात गेली असती, सावलीला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू पक्ष्यांची कंत्राटं कधीपासून घ्यायला लागलीस?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग काय, रोज मोहन्याला चक्कर सुरू झाली. उरलेले जोड तपासायचेत, असं दादांना सांगायची. दादा म्हणायचे, "बघा, बघा," आणि माझ्या हातात ताकाचा ग्लास द्यायचे. बंद दाराआडून कुठले जोड तपासतेय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. जिन्याच्या दाराला वरच्या बाजूला काच होती. तिथे स्टूल टाकून मी आणि नवरी बसायचो. तिची सुट्टी सुरू झालेली, खरं तर तिला पार्लर होतं, ब्लाउजची ट्रायल होती, पण दुपारी ती तिथेच असायची.

पहिल्या दिवशी माझं लक्ष गेलं ते ओलीवर. अंड्यांच्या भोवतीची वाळू गडद दिसत होती. माझं टाळकं सरकलं. "बघ, टाकी गळतेय तुमची! माझं गवत खालून कुजणार!" मी नवरीवरच ओरडले. तिने प्लंबरला फोन लावला. तो बाहेरून शिडी लावून बघून गेला, टाकीला थेंबभरही गळती नव्हती. ओल मात्र दुसऱ्या दिवशीही होती, भर दुपारी, जेव्हा कपडा वाळत घातला तर हातातच सुकावा.

मग आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो, आणि ते पाहिलं.

टिटव्या दोन होत्या, नर आणि मादी. दिसायला अगदी सारख्या, त्यामुळे कोण आई नि कोण बाप ते देवालाच ठाऊक. एक अंड्यांवर होती. बसलेली नव्हे, उभी. पंख जरासे फाकवून, उन्हाकडे पाठ करून, म्हणजे तिची सावली बरोबर अंड्यांवर पडावी. चोच उघडी, घसा धडधडतोय. इतक्यात नदीकडून दुसरी आली. कठड्यावरून आत उतरली ती थेट अंड्यांपाशी नाही, लांब टोकाला. तिथून तुरुतुरु चार पावलं, थांबणं, इकडेतिकडे बघणं, परत चार पावलं. ती जवळ आली तेव्हा दिसलं की तिचं पोट चिंब भिजलेलं आहे. पांढरी पिसं चिकटून करडी झालेली. माझ्या गवतावर थेंब पडत होते. पहिली बाजूला सरली. ही अंड्यांवर गेली, पाय दुमडले, पोट अंड्यांवर टेकवलं आणि अंग घुसळलं. या कुशीवर, त्या कुशीवर. मग उठून उभी राहिली. चारही अंडी ओली, चकचकीत. तोवर पहिली नदीकडे निघून गेलेलीसुद्धा.

असं सबंध दुपारभर चाललं. ही आली की ती जायची. अंडी सुकू द्यायची नाहीत. नदी काही अंगणात नव्हती, सगळं रान ओलांडून जायचं, पाण्यात बसायचं आणि ते पाणी पोटाला लावून परत वर यायचं. ना भांडं, ना ओंजळ. मी आजवर उन्हावर किती बोलले असेन, गिऱ्हाइकांना किती माहिती दिली असेन, पण ऊन असं अंगावर घेऊन त्याच्याशी दोन हात करणारं मी कोणी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. डोळे पाणावले वगैरे नाही, चांगलं हुंदके देऊन रडू. नवरीही रडत होती. लग्नाच्या मुलीने आणि गवतवालीने जिन्यात बसून रडावं, म्हणजे बघणाऱ्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

बघणारं होतं. मागे वळले तर जिन्यात आत्या उभ्या होत्या. गुडघे धरून एवढा जिना चढून आलेल्या. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि काचेला डोळा लावला. पाण्याची एक अख्खी खेप त्यांनी बघितली. मग काचेतून डोळा न काढताच म्हणाल्या, "आमी पन असाच करायचो गो."

"काय, आत्या?"

"कलव्याच्या मिठागराव. तवा मी तिथं कामाला जायची. पोराला बांधाव ठेवायचा, टोपलीच्या आडोशाला. सावली कुठची? झाड नाय, झुडूप नाय. सगला पांडरा मीठ, न् डोले फुटतील असा ऊन. मंग प्यायच्या पान्यान पदर बुडवायचा न् त्याच्या अंगाव पिलायचा. सुकला का परत. सुकला का परत. मुकादम बोंबलायचा, बाय, पानी प्यायला दिलाय का आंघोलीला? मी बोलायची, तू बोंबल."

मला विचारायचं होतं, मग? त्या पोराचं काय झालं? पण आत्यांचा चेहरा असा झालेला, की माझी हिंमत झाली नाही. त्या काळात, त्या उन्हात, मिठागराच्या बांधावर ठेवलेलं तान्हं मूल. मनात नाही नाही ते आलं. आत्या आल्या तशा भिंतीला धरून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी काचेतून बघते तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत माझं घमेलं, पाण्याने भरलेलं. मी चिडून खाली आले. दार उघडायचं नाही ठरलं होतं ना? कोण गेलं होतं वर? शेवटी आत्या सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "मीच ठेवला. काय करशील? अशुभ असली तरी तान लागते ना तिला."

टिटव्यांनी आधी घमेल्याकडे पाहिलंही नाही. बरेच दिवस नदीच्याच वाऱ्या चालल्या. मग एका दुपारी, कहर ऊन होतं, त्यांतली एक चालत चालत घमेल्यापाशी गेली, काठावर चढली, आत उतरली आणि पोट बुडवून बसली. नवरीने जिन्यातून खाली धावत जाऊन ओरडून सांगितलं, "आत्या, बसली! तुझ्या पाण्यात बसली!" आत्या म्हणाल्या, "मंग नाचू का?" पण त्यांनी सुपारीचा डबा बंद केला आणि पदराने तोंड पुसलं.

हळद जवळ आली. अंडी तशीच. माझा जीव टांगणीला लागलेला. भाचेराव रोज फोन करून विचारायचे, "काय मॅडम, डिलिव्हरी कधी?" मी म्हणायची, "तुमच्या बेंजोच्या आधी."

हळदीच्या दिवशी पहाट उजाडतेय न उजाडतेय तोच नवरीचा फोन आला. "ताई, या. आत्ताच्या आत्ता या." मी मामांना उचललं आणि रिक्षाने सुटले. बंगल्यासमोर मांडवाचा टेम्पो उभा होता, बांबू उतरवत होते. भाचेराव त्यांना थोपवून धरत होते, म्हणजे शिव्या देऊन एका जागी उभे करत होते. मी जिना चढले.

तीन पिल्लं निघाली होती. चौथं अंडं तसंच पडलेलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. कापसाच्या बोंडाएवढी ती तीन पिल्लं, वाळूच्याच रंगाची, आणि पाय मात्र अंगापेक्षा मोठे. आदल्या संध्याकाळी नाहीतर रात्री कधीतरी निघाली असतील, आणि आता चक्क पळत होती. माणसाचं पोर वर्षभर नुसतं रांगत असतं. ही माझ्या गवतावरून सैरावैरा धावत होती.

पण गच्चीवर त्यांच्यासाठी दाणा ना किडा. त्यांना खाली जायचं होतं. दोन्ही टिटव्या खालच्या रानात उतरून हाका मारत होत्या. नेहमीचं ते कर्कश ओरडणं नव्हतं. बारीक, एकसारखी हाक. पिल्लं त्या आवाजाकडे धावायची आणि कठड्याला आपटायची. परत धावायची, परत आपटायची. वाळूत होती तेव्हा दिसत नव्हती, पण या हिरव्यागार गवतावर तीन ठिपके लांबून दिसत होते. आणि वर घार फिरायला लागलेली.

"टोपलीत भरू आणि खाली नेऊ," मामा म्हणाले आणि पुढे झाले. पिल्लं तीन दिशांना पांगली, एक तर गुंडाळलेल्या रोलच्या खाली शिरलं. खालून आत्या ओरडल्या, "हात नका लावू! मानसाचा वास लागला तर आय जवल नाय घ्यायची!" खरं की खोटं देव जाणे, पण मामा मागे सरले.

पिल्लं परत कठड्याशी गोळा झाली. नदीकडच्या कठड्याशी, एका ठरावीक जागी. तिथेच का? मी वाकून बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिथे पाण्याचं भोक होतं. मीच गवताने झाकलेलं. आईचा आवाज त्यातून आत येत होता आणि पिल्लं माझ्या न दिसणाऱ्या जोडावर चोची मारत होती.

मी मामांकडे हात केला. "कटर द्या."

"मॅडम, फायनल झालंय ते," मामा म्हणाले. बसवलेल्या गवताला कोणी कटर लावलेला मला खपत नाही, हे त्यांना माहीत होतं. एकदा डोंबिवलीत गिऱ्हाइकाने कुंडीसाठी गोल कापलं, तर मी त्याच्या दारात उभी राहून भांडले होते.

"द्या म्हटलं ना!"

मी गवत टराटरा कापलं. चिकटवलेलं सोल्यूशन सुटेना, म्हणून दोन्ही हातांनी ओढून फाडलं. जाळीचे स्क्रू मामांनी काढले. भोक मोकळं झालं आणि पलीकडचं रान दिसलं, वाळकं, सोनेरी, खरं गवत. आम्ही दाराआड सरलो; तिथल्या नदीकडच्या खिडकीतून भोकही दिसत होतं आणि खालचं रानही.

खाली आत्यांनी तोवर फर्मान सोडलेलं. मांडवाचं पिवळं कापड टेम्पोतून ओढून काढलं आणि भोकाच्या खाली धरलं. तीन कोपरे बायकांकडे, चौथा भाचेरावांकडे. टिटव्या त्यांच्या डोक्यावर झेपावत होत्या, भाचेराव एका हाताने चेन सांभाळत होते आणि ओरडत होते, "आये, माझा डोला फोडील ती!" आत्या म्हणाल्या, "कापड सोडलास तर मी फोडीन!"

पहिलं पिल्लू भोकाच्या तोंडाशी आलं. नवरी खिडकीतून अर्धी बाहेर वाकलेली. दोन मजल्यांची उंची, आणि ते केवढंसं. हाक आली. पिल्लाने पाऊल पुढे टाकलं, जणू पुढे जमीनच आहे, आणि पडलं. एवढेसे पंखांचे कोंब फाकवून, वाऱ्यावर उडालेल्या पिसासारखं तरंगत ते कापडाच्या बाहेर, चांगलं हातभर लांब, वाळक्या गवतात आपटलं. एकदा उसळलं. नवरी किंचाळली. आणि पिल्लू उठलं, अंग झटकलं आणि हाकेच्या दिशेने चालायला लागलं.

एवढं मोठं कापड हातांत धरून चार माणसं तशीच उभी. दुसरंही कापडाबाहेरच पडलं आणि चालू लागलं. तिसरं मात्र भोकाशी येऊन परत फिरलं. हिरव्या गवताच्या मधोमध जाऊन अंग चोरून बसलं. घार खाली आलेली. मी दाराआडून टाळ्या पिटत होते, मामा टॉवेल फिरवत होते, आणि खालची हाक थांबत नव्हती. मग ते उठलं, सरळ रेषेत धावत गेलं, भोकाशी थांबलंसुद्धा नाही. गेलं. खालून बायकांनी एकच गलका केला आणि भाचेराव मोठ्यांदा ओरडले, "तिन्ही! तिन्ही गेली!" त्यांनी कापड कधीच टाकून दिलं होतं.

वाळक्या गवतात तिन्ही पिल्लं दोन पावलांवरसुद्धा दिसेनाशी झाली. टिटव्या पुढे, ती मागे, नदीकडे. माझ्या गवतावर त्यांना लपता आलं नव्हतं.

संध्याकाळी हळद झाली. मी थांबले, नवरीने हात धरून थांबवलं. मी ते भोक बुजवायला निघालेले, तर दादा म्हणाले, "राहू दे, मॅडम. असंच राहू दे." गच्चीवर मांडव, दिवे, बेंजो, माणसांना उभं राहायला जागा नाही. सगळ्यांनी चपला जिन्यातच काढलेल्या. उकाड्याने जीव नकोसा झालेला. भाचेरावांनी सकाळपासून बूड टेकलेलं नव्हतं, शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद. टाकीपाशी खुर्चीत आत्या बसल्या होत्या, मी त्यांच्या बाजूला. घमेलं अजून तिथेच होतं.

"ये इकरं," आत्यांनी मुलाला हाक मारली.

"आये, कामं हायेत."

"ये म्हनते ना."

तो आला. आत्यांनी नव्याकोऱ्या साडीचा पदर घमेल्यात बुडवला आणि त्याच्या डोक्यावर पिळला. पाणी त्याच्या कपाळावरून, चेनवरून ओघळलं.

"आये, लोका बघतान!"

"बघू दे."

आणि तो दाराएवढा माणूस, अख्ख्या गावासमोर, मान खाली घालून तिच्यापुढे वाकून उभा राहिला. आत्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी त्या दिवशी न विचारलेलं त्यांच्या ध्यानात होतं.

"यो तोच," त्या म्हणाल्या, आणि परत पदर पाण्यात बुडवला.